विमान चुकलं की बोट सुटते: क्रूझला निघणाऱ्यांसाठी माझे अनुभव

गोदातीर | १४ मार्च २०२५, रात्री ९:४०

मागच्या आठवड्यात इथे कुणीतरी विचारलं होतं की सकाळी विमान उतरतंय आणि संध्याकाळी ६ ला क्रूझ सुटतेय, जमेल ना? खाली चौघांनी "आरामात जमेल" असं लिहिलं होतं. ते वाचून राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा काढते आहे.

आम्ही दोघं निवृत्त, नाशिकला असतो. २००८ साली सिंगापूरहून ३ रात्रींची पहिली क्रूझ केली. तेव्हापासून आजवर ११ झाल्या. भूमध्य समुद्र दोनदा, अलास्का, नॉर्वे, बाकीच्या आपल्याकडच्या आणि आग्नेय आशियातल्या. बोटीवर आम्हाला कधीच मोठा त्रास झाला नाही. जो झाला तो बोटीपर्यंत पोचताना झाला. ११ पैकी ४ वेळा विमानाने घोळ घातला आणि एकदा तर बोट आम्हाला सोडून निघून गेली. तोच प्रसंग आधी सांगते.

सप्टेंबर २०१६. अथेन्सच्या पिरेयस बंदरातून ७ रात्रींची क्रूझ होती. मिकोनोस, मग तुर्कस्तानातलं कुशादासी, ऱ्होड्स, क्रीट, सँतोरिनी आणि परत पिरेयस. मुंबईहून रात्रीचं विमान, आखातात बदलायचं, दुपारी १२ ला अथेन्स. बोट संध्याकाळी ५ ला. कागदावर ५ तास हातात होते. ट्रॅव्हल एजंट म्हणाला, पुष्कळ झाले. मलाही पुष्कळ वाटले.

मुंबईतच विमान ५ तास उशिरा सुटलं. आखातातलं पुढचं विमान गेलेलं. त्यानंतरच्या विमानात बसवलं, ते अथेन्सला पोचलं संध्याकाळी ७:४० ला. पट्ट्यापाशी उभे राहिलो तर एक बॅग आली, दुसरी नाही. जी नाही आली तिच्यात ह्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. ती चूक माझी. बॅगा मी भरल्या होत्या.

तेव्हा मी एक गोष्ट बरोबर केली, ती म्हणजे क्रूझच्या तिकिटावर बारीक अक्षरात छापलेला आणीबाणीचा नंबर विमानतळावरूनच फिरवला. पलीकडच्या मुलीने बुकिंग नंबर घेतला, १० मिनिटं थांबवलं आणि सांगितलं की उद्या मिकोनोसला चढता येईल, मी जहाजाला कळवते, तिथल्या पोर्ट एजंटचा नंबर लिहून घ्या. पोर्ट एजंट म्हणजे प्रत्येक बंदरात क्रूझ कंपनीचं काम बघणारा स्थानिक माणूस. हा शब्द मला तोवर माहीतही नव्हता.

रात्री विमानतळावरून एक्स ९६ नंबरच्या बसने पिरेयसला गेलो. ती बस रात्रभर चालते. बंदराजवळ एका साध्या हॉटेलात पडलो आणि पहाटे उठून साडेसातची फेरी पकडली. सव्वापाच तास लागले. वरच्या डेकवर वारा इतका होता की साडी आवरत बसले होते. मिकोनोसच्या नव्या बंदरात फेरी वळली आणि समोर आमची बोट उभी दिसली, पांढरी, फेरीच्या चौपट उंच. हे काहीच बोलले नाहीत, नुसता माझा हात धरला. आदल्या रात्रीपासून त्यांनी गोळी घेतली नव्हती.

बोटीवर डॉक्टर असतात, पण सगळं पैशांनी. रक्तदाब मोजला, त्याच औषधाच्या दुसऱ्या नावाच्या गोळ्या दिल्या आणि बिल खोलीच्या खात्यावर लागलं. माझ्या मोबाइलमध्ये जुन्या प्रिस्क्रिप्शनचा फोटो होता, त्यामुळे नेमकं औषध सांगता आलं.

बॅगेची गोष्ट मात्र ९ दिवस चालली. हॉटेलात उतरलेल्या माणसाची बॅग हॉटेलला पाठवता येते. आमचा पत्ता रोज बदलत होता, त्यात मध्ये तुर्कस्तान. मी फॉर्मवर जहाजाचं नाव लिहिलं, पण कुठल्या तारखेला कुठलं बंदर आणि तिथला एजंट कोण, हे लिहिलं नाही. बॅग ऱ्होड्सला आली, तोवर आम्ही क्रीटला. क्रीटला आली, तोवर सँतोरिनीला. शेवटी ती एकटीच मुंबईला परतली.

त्या फॉर्मबद्दल थोडं. त्याला पीआयआर म्हणतात. पट्टा थांबला आणि बॅग नाही आली की विमानतळाबाहेर पाऊल टाकण्याआधी तो भरायचा. त्यावर १० खुणांचा नंबर मिळतो. पहिली ३ अक्षरं विमानतळाची, पुढची २ विमान कंपनीची, मग ५ आकडे. तो नंबर हातात नसेल तर पुढे कुणीही दाद देत नाही. कितीही दमलेले असा, रांग कितीही मोठी असो, तो घेतल्याशिवाय निघू नका.

आता मी सगळ्यांना एकच सांगते. विमान आणि क्रूझ स्वतंत्रपणे काढली असेल तर एकाचं दुसऱ्याशी काही नातं नाही. विमान कंपनीच्या लेखी तुम्ही अथेन्सला पोचलात, त्यांचं काम झालं. क्रूझ कंपनीच्या लेखी तुम्ही वेळेवर आला नाहीत. ह्या दोन्हींच्या मधला खड्डा भरायला तुमच्याकडे एकच गोष्ट असते, एक रात्र. आदल्या दिवशी पोचा. एका हॉटेलचा खर्च हा क्रूझच्या खर्चातच धरा.

अलास्काबद्दल आणि बाकीच्या प्रसंगांबद्दल उद्या लिहिते, डोळे दुखतायत.

---

केतकी_बन | १४ मार्च, रात्री १०:२५

काकू, अगदी वेळेवर धागा काढलात. त्या दुसऱ्या धाग्यावर विचारणारी मीच! मे महिन्यात आईला घेऊन बार्सिलोनाहून क्रूझ आहे. मार्सेय, जेनोआ, चिविटावेकिया, पालेर्मो, ट्युनिस आणि परत. विमान सकाळी ९ ला बार्सिलोनाला, बोट ६ ला. आई ७१ वर्षांची आहे, तिचा हा पहिलाच परदेश प्रवास. आता तिकीट बदलायला माणशी साधारण ११ हजार मागतायत. बदलू का?

---

मृण्मयी_टी | १४ मार्च, रात्री ११:०५

केतकी, तिकिटाचं काकू सांगतीलच, पण ट्युनिस वाचून मला तुझ्या व्हिसाची काळजी वाटली. ट्युनिशिया शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात, नाही. म्हणजे तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडून परत आत येणार. व्हिसावर प्रवेशांची संख्या किती लिहिली आहे ते आत्ता बघ.

आमच्या बाबतीत २०१९ मध्ये हेच झालं. बोट व्हेनिसहून होती आणि मध्ये क्रोएशियातलं दुब्रोवनिक आणि मॉन्टेनेग्रोतलं कोटोर. तेव्हा क्रोएशिया शेंगेनमध्ये नव्हता, तो १ जानेवारी २०२३ ला आला. मॉन्टेनेग्रो तर अजूनही नाही. माझा व्हिसा मल्टिपल होता, सासूबाईंचा एका प्रवेशाचा. दोघींचे अर्ज एकाच दिवशी, एकाच खिडकीवर दिले होते, तरी असं झालं आणि आमच्यापैकी कुणी पासपोर्ट परत आल्यावर नीट बघितलं नाही. बंदरावर चेक-इनच्या बाईंनी बघितलं. सासूबाईंना चढू दिलं नाही. नवरा त्यांच्यासोबत व्हेनिसमध्ये राहिला, मी आणि मुलगी बोटीवर. पैसे बुडाले ते बुडालेच, पण तो निरोप घेतानाचा त्यांचा चेहरा मला आजही दिसतो.

अर्जासोबत क्रूझचं पूर्ण वेळापत्रक जोडायचं, पत्रात स्पष्ट लिहायचं की अमुक तारखेला शेंगेनबाहेर जाऊन अमुक तारखेला परत येणार आहोत, आणि पासपोर्ट हातात आला की पहिल्यांदा व्हिसावरचं प्रवेशांच्या संख्येचं घर बघायचं.

---

केतकी_बन | १४ मार्च, रात्री ११:४०

मृण्मयी, हात थरथरत होते बघताना. माझा मल्टिपल आहे. आईचा अजून यायचा आहे. उद्या सकाळीच व्हिसा केंद्रात फोन करते. खूप खूप आभार.

---

देवगडकर | १५ मार्च, सकाळी ७:१५

गोदातीरताई, मनापासून लिहिलंत. माझा धाकटा भाऊ १४ वर्षं बोटीवर आहे, आधी हाऊसकीपिंग, आता सुपरवायझर. आमच्याकडे गावात "तो बोटीवर असता" म्हटलं की पुढे काही विचारावं लागत नाही. गोव्यात तर गावंच्या गावं. मुंबईत धोबी तलावाला गोवेकरांच्या कुडी आहेत, गावाच्या नावाने चालणारी वसतिगृहं. बोट लागायच्या आधी आणि उतरल्यावर खलाशी तिथे राहायचे.

त्याच्याकडून ऐकलेल्या दोन गोष्टी लिहितो, प्रवाशांना उपयोगी पडतील.

पहिली, मस्टर ड्रिल, म्हणजे आणीबाणीत कुठे जमायचं त्याची कवायत, टाळू नका. सात लहान आणि एक लांब भोंगा वाजला की आपलं ठिकाण कुठलं हे पहिल्याच दिवशी जाऊन बघायचं. १३ जानेवारी २०१२ ला कोस्टा काँकॉर्डिया इटलीत जिल्यो बेटाजवळ खडकावर गेली, ३२ माणसं गेली. त्या दिवशी चिविटावेकियाला जे शेकडो प्रवासी चढले होते त्यांचं ड्रिल झालंच नव्हतं, दुसऱ्या दिवशी व्हायचं होतं. तेव्हाच्या नियमात २४ तासांची मुभा होती. आता सुटण्याआधी किंवा सुटल्यासुटल्याच करावं लागतं. भाऊ सांगतो की बरेच लोक तेव्हा बारमध्ये बसून असतात आणि त्यांना शोधून आणावं लागतं. बोटीवर काही झालं तर ह्या लोकांना बाहेर काढायला आमचीच पोरं मागे थांबणार आहेत.

दुसरी, टिपा. बहुतेक कंपन्या रोज माणशी ठराविक रक्कम खात्यावर आपोआप लावतात. काही लोक शेवटच्या दिवशी काउंटरवर जाऊन ती काढून टाकायला लावतात. तक्रार खरी असेल तर वेगळं. नसेल तर काढू नका. खोली आवरणारा मुलगा ६ ते ९ महिने घरी गेलेला नसतो, एकही पूर्ण सुट्टी नसते, आणि त्याच्या पगाराचा मोठा भाग ह्या टिपांचाच असतो.

२०२० मध्ये योकोहामाला डायमंड प्रिन्सेस अडकली तेव्हा आईने टीव्ही बंद केला नाही. ३७११ माणसं बोटीवर, त्यातल्या ७१२ जणांना कोरोना. भाऊ त्या बोटीवर नव्हता, दुसऱ्या बोटीवर होता, पण आईला समजावणार कोण. त्याला घरी यायला ऑगस्ट उजाडला. दारात आला तेव्हा तिने आधी नारळ ओवाळला, मग पाय धुवायला पाणी दिलं.

---

गोदातीर | १५ मार्च, दुपारी ३:३०

देवगडकर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. भावाला नमस्कार सांगा. टिपांबद्दल शंभर टक्के अनुमोदन.

केतकी, बदल. ११ हजार माणशी हे पुष्कळ आहेत हे मला कळतं. पण ७१ वर्षांच्या आईला घेऊन धावपळ करत मार्सेय गाठायचं झालं तर त्याच्या दुप्पट जातील, आणि आईची पहिली परदेशवारी अशी सुरू होईल. विमान १ दिवस अलीकडे घे. आईच्या गोळ्या तुझ्या पर्समध्ये, तिच्याही पर्समध्ये नको. १० दिवसांच्या प्रवासाला १५ दिवसांच्या घे. दोघींच्या बॅगांमध्ये कपडे मिसळून भर, म्हणजे एक हरवली तरी दोघींना बदलायला काहीतरी राहतं. आणि विजेची किटली, इस्त्री, एक्स्टेंशन बोर्ड ह्यातलं काही नेऊ नकोस. आगीच्या भीतीने बोटीवर ते काढून घेतात आणि त्यासाठी अडकलेली बॅग रात्री उशिरापर्यंत खोलीत येत नाही.

आता अलास्का. २०१३, सिएटलहून. (ह्या बोटी परत येताना रात्री काही तास कॅनडात व्हिक्टोरियाला का थांबतात, ते मला तिथे कळलं. अमेरिकेत १८८६ चा कायदा आहे. परदेशी झेंड्याची बोट अमेरिकेतल्याच बंदरांतून प्रवासी फिरवून आणत असेल तर तिला वाटेत एखाद्या परदेशी बंदराला लागावंच लागतं.)

जुनोला बोट संध्याकाळी सुटणार होती. आम्ही डेकवर कठड्यापाशी होतो. शिडी आत घेतली होती, दोर सोडायला सुरुवात झाली होती आणि धक्क्यावर एक जोडपं पळत येताना दिसलं. साठीचे असतील. बाईंच्या हातात कागदी पिशवी, बाबांचा एक हात छातीवर. मेंडनहॉल हिमनदी बघायला गेलेले आणि परतीची बस चुकली, असं नंतर कळलं. बोट हलली. त्यांच्यापासून १०-१५ फूट अंतर पडलं असेल फक्त. डेकवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या, काहींनी व्हिडिओ काढले. मला ते सहन झालं नाही. मी आत निघून गेले.

पण जायच्या आधी एक गोष्ट बघितली. फ्लोरोसंट जाकीट घातलेला एक माणूस त्या दोघांकडे गेला आणि त्याने त्यांच्या हातात एक लिफाफा दिला. तो पोर्ट एजंट. वेळ होऊनही कुणी आलं नाही की बोटीवरचे लोक त्यांच्या खोलीतली तिजोरी उघडून पासपोर्ट काढतात आणि एजंटकडे देऊन जातात. म्हणजे बोट त्यांना वाऱ्यावर सोडत नाही. फक्त थांबत नाही. जुनो ही अलास्काची राजधानी, पण बाहेर जायला रस्ता नाही. विमान नाहीतर फेरी. पुढच्या बंदरात स्वखर्चाने पोचायचं. ते दोघं पुढे स्कॅगवेला चढले, मी जेवणघरात बघितलं त्यांना.

तेव्हापासून मी हाताला साधं, चावीचं घड्याळ बांधते आणि ते बोटीच्या वेळेवर ठेवते. मोबाइल किनाऱ्यावरच्या टॉवरची वेळ पकडतो. बोटीची वेळ वेगळी असू शकते आणि रोजच्या छापील पत्रकात जी वेळ असते तीच खरी.

---

जुना_मुंबईकर | १५ मार्च, रात्री ८:५०

छान चाललाय धागा. "बोट थांबत नाही" हे वाचून वडिलांची आठवण आली. आमचं गाव वेंगुर्ल्याजवळ. एसटी आणि हमरस्ता सोयीचे व्हायच्या आधी मुंबईहून गावी जायचं ते बोटीनेच. मी शेवटी गेलो ते सत्तरच्या दशकात, कोंकण सेवकने. मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या ह्या बोटी रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत जायच्या आणि पावसाळ्यात बंद.

बहुतेक ठिकाणी बोट धक्क्याला लागत नसे. दूर उभी राहायची आणि किनाऱ्यावरून पडाव यायचे. बोटीची शिडी, खाली वरखाली होणारा पडाव, आणि लाट वर आली की "टाक पाय" म्हणून ओरडणारा खलाशी. आजीला दोघांनी बखोटीला धरून उतरवलं होतं, ट्रंक मागून दोराने. मागच्या वर्षी मुलाने सँतोरिनीला नेलं. तिथेही मोठी बोट बाहेरच थांबते आणि छोट्या बोटींनी नेतात, त्याला टेंडर म्हणतात. टेंडरमध्ये पाय टाकताना मी सुनेला म्हटलं, हा आपला पडाव.

आमच्या घरात वडील असेपर्यंत गटारी अमावास्येला कुणी पाण्यावर जात नसे. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. वडिलांचे दोन मित्र त्यात होते.

ज्यांना बोट लागते त्यांच्यासाठी: खोली मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर घ्या, तिथे हेलकावा सगळ्यात कमी. रिकाम्या पोटी राहू नका, कोरडं काहीतरी खा आणि दूर क्षितिजाकडे बघा. आमच्याकडे आलेपाक असायचा. अ‍ॅव्होमिन घ्यायची तर मळमळ सुरू व्हायच्या आधी, आणि इतर औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारून.

---

शांत_तळे | १६ मार्च, सकाळी १०:१०

सगळ्यांचे अनुभव वाचले. माझं मत वेगळं आहे, राग मानू नये. ३-४ हजार माणसं एका लहान गावात सकाळी उतरवायची आणि संध्याकाळी उचलायची, ह्यात त्या गावाचं काय होतं? व्हेनिसमध्ये ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना सान मार्को चौकासमोरून जायला बंदी करावी लागली. हा विचार आपण तिकीट काढताना करावा, एवढंच.

---

गोदातीर | १६ मार्च, दुपारी १२:००

राग कसला, बरोबर बोललात. मी ती बंदी यायच्या आधी त्या पाण्यातून गेलेली आहे. वरच्या डेकवरून घरांच्या गच्च्या खाली दिसत होत्या आणि एका गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई आमच्याकडे न बघता आत गेली. तेव्हापासून मी लहान बोटी शोधते. नॉर्वे त्यामुळेच निवडलं. ती बोट तिथल्या गावातले लोक स्वतः रोजच्या ये-जा करायला वापरतात.

---

पारिजातक | १६ मार्च, संध्याकाळी ६:४५

गोदातीर, नॉर्वेचं नाव काढलंत म्हणून लिहिते. मी बर्गनला राहते, ९ वर्षं झाली.

तुम्ही म्हणताय ती किनाऱ्याची बोट १८९३ पासून चालू आहे. बर्गन ते रशियाच्या सीमेजवळचं किर्केनेस, ३४ बंदरं, जाऊन येऊन १२ दिवस. आमच्यासाठी ती एसटीसारखी आहे. काही बंदरांत रात्री अडीचला १५ मिनिटं थांबते, दोन माणसं उतरतात, एक फ्रीज उतरतो, बोट पुढे. प्रवाशांनी हे लक्षात ठेवावं की ह्या थांब्यांवर फोटो काढायला उतरून बोट गेली तर उत्तरेकडे पुढची बोट थेट दुसऱ्या दिवशी.

हिवाळ्यात येणाऱ्यांनी विमानाचा भरवसा अजूनच कमी धरावा. उत्तरेतली छोटी विमानतळं वाऱ्या-बर्फाने बंद पडतात. माझ्या आईबाबांना फेब्रुवारीत किर्केनेसहून परत आणताना दोन दिवस विमानं उडाली नाहीत आणि त्यांचं ओस्लोहून मुंबईचं विमान गेलं. दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढली होती, म्हणून पुढचं तिकीट पूर्ण बुडालं. एकाच पीएनआरवर असती तर पुढे पोचवण्याची जबाबदारी विमान कंपनीची राहिली असती. मी इथे राहून ही चूक केली ह्याचं वाईट वाटलं.

समुद्राचंही सांगते. २३ मार्च २०१९ ला वायकिंग स्काय ह्या क्रूझचं इंजिन हुस्टाडविका भागात वादळात बंद पडलं. १३७३ माणसं होती बोटीवर, त्यातल्या ४७९ जणांना हेलिकॉप्टरने एकेक करून उचललं. आम्ही रात्रभर टीव्हीसमोर बसलो होतो. नंतरच्या तपासात इंजिनातल्या वंगणाच्या तेलाची पातळी कमी होती असं निघालं. सांगायचं कारण, इथला समुद्र मार्चमध्येही हिवाळ्याचाच असतो. आईवडिलांना आणायचं तर मे ते ऑगस्ट.

---

अर्जदार | १७ मार्च, रात्री ९:१५

विमान कंपनीकडे कसं मागायचं ह्यावर कुणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. गेली काही वर्षं ओळखीपाळखीच्या लोकांचे असे अर्ज लिहून देतो.

आंतरराष्ट्रीय प्रवासाला मॉन्ट्रियल करार लागू होतो. तो १९९९ चा, भारत त्यात २००९ मध्ये सामील झाला. बॅग फुटली, तुटली तर मिळाल्यापासून ७ दिवसांत लेखी तक्रार. उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून २१ दिवसांत. २१ दिवस उलटूनही आलीच नाही तर ती हरवली असं धरून दावा करता येतो. कोर्टात जायचं तर २ वर्षं. भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून १५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे नाणेनिधीचं हिशेबाचं एकक, मार्च २०२५ च्या दराने साधारण पावणेदोन लाख रुपये. ही कमाल आहे, आपोआप मिळत नाही. पावत्या दाखवाव्या लागतात. बॅग नाही म्हणून घेतलेला टूथब्रश, अंतर्वस्त्रं, स्वेटर, सगळ्याच्या पावत्या ठेवा. आणि पीआयआर म्हणजे तक्रार झाली असं समजून थांबू नका, मुदतीत वेगळी ईमेल करा.

युरोपचा नियम वेगळा आणि प्रवाशाच्या बाजूचा आहे, २६१ ह्या नंबराने ओळखतात. युरोपीय संघातून निघणारं कुठल्याही कंपनीचं विमान, किंवा बाहेरून तिथे जाणारं पण तिथल्या कंपनीचं विमान, ह्यांना लागू. ३ तास किंवा त्याहून जास्त उशिराने पोचलात किंवा ऐनवेळी रद्द झालं आणि कारण कंपनीच्या हातातलं असेल, तर अंतराप्रमाणे २५० ते ६०० युरो. भारतात यायच्या लांबच्या विमानाला ६००. वादळ, राख, विमानतळावरचा संप अशा कारणांना रोख भरपाई नाही, पण जेवण आणि हॉटेल तेव्हाही द्यावं लागतं. एप्रिल २०१० ला आइसलँडच्या ज्वालामुखीने युरोपचं आकाश जवळजवळ आठवडाभर बंद केलं, तेव्हाही ही जबाबदारी सुटली नव्हती.

माझ्या मेहुणीचं अ‍ॅमस्टरडॅम ते मुंबई विमान निघायच्या ६ तास आधी रद्द झालं. काउंटरवर व्हाउचर पुढे केलं. तिने मला फोन केला, मी म्हटलं सही करू नकोस, रद्द केल्याचं कारण लेखी माग. तांत्रिक बिघाड असं लिहून मिळालं. तेवढ्या एका ओळीवर ४ महिन्यांनी ६०० युरो आले.

गोदातीर ह्यांचं २०१६ चं विमान मुंबईहून आखातात जाणारं, त्याला युरोपचा नियम लागत नाही. आपल्याकडे डीजीसीएचे, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचे, नियम आहेत. नुसत्या उशिराला रोख भरपाई नाही. पण उशीर ६ तासांपेक्षा जास्त होणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, आणि रात्री ८ ते पहाटे ३ दरम्यान सुटणाऱ्या विमानाला ६ तासांहून उशीर झाला तर हॉटेल. दाद देत नसतील तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार नोंदवा.

---

गोदातीर | १७ मार्च, रात्री १०:००

अर्जदार, हे सगळं मला २०१६ मध्ये सांगणारं कुणी असतं तर! त्या बॅगेसाठी मी पावत्या ठेवल्या नव्हत्या. ह्यांच्यासाठी मिकोनोसला घेतलेले दोन शर्ट आणि चपला, सगळं आमच्या खिशातून गेलं.

विम्याचं मी जोडते. पॉलिसीत "मिस्ड कनेक्शन" आहे का, आणि त्यात क्रूझ धरली आहे का, हे विचारून लेखी घ्या. बऱ्याच पॉलिसींमध्ये कनेक्शन म्हणजे विमान ते विमान एवढंच असतं. आणि क्रूझसाठी घेताना समुद्रातून हेलिकॉप्टरने नेण्याचा खर्च त्यात आहे का हे बघा.

---

केतकी_बन | २९ मे, रात्री ११:५०

काकू, मृण्मयी, सगळेच, धागा वर आणते आहे. आम्ही २५ तारखेला परत आलो.

आईचा व्हिसा एका प्रवेशाचाच आला होता! मार्चमध्येच बघितल्यामुळे वेळ होता. परत अर्ज केला, वेळापत्रक आणि पत्र जोडलं, दुसऱ्या वेळी मल्टिपल मिळाला. मृण्मयी, तू लिहिलं नसतंस तर आई बंदरावरून परत फिरली असती.

तिकीट एक दिवस अलीकडचं घेतलं. मुंबईचं विमान ठरलेल्या वेळेला सुटलं, पण पुढचं ९ तास उशिरा. बार्सिलोनाला सकाळी ९ ऐवजी संध्याकाळी ६ ला उतरलो. जुन्या तिकिटावर असाच उशीर झाला असता तर नेमकी बोट सुटायची वेळ. आम्ही मात्र हॉटेलवर गेलो, आईने मेतकूट-भात खाल्ला आणि झोपली. दुसऱ्या दिवशी दुपारी निवांत चढलो.

बोट बंदरातून निघाली तेव्हा आई कठड्याला धरून उभी होती, अंधार पडेपर्यंत आत आली नाही. तिचे वडील रत्नागिरीहून बोटीने मुंबईला कामाला आले होते, हे मला तिने तिथे पहिल्यांदा सांगितलं. जुना_मुंबईकर, तुमचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला. पडाव शब्द ऐकून ती कितीतरी वेळ बोलत होती.

एक प्रश्न आहे. परत येताना माझ्या बॅगेचं हँडल मुळातून उखडलं आणि एका बाजूला चीर पडलीये. मुंबईला आईला इतकं दमायला झालं होतं की तशीच घेऊन आले, फॉर्म भरला नाही. आता काही होईल का?

---

अर्जदार | ३० मे, सकाळी ६:३०

२५ ला मिळाली म्हणजे आज पाचवा दिवस. १ जूनपर्यंत मुदत आहे, पण आजच ईमेल करा. बॅगेचे चारही बाजूंनी फोटो, तुटलेल्या जागेचा जवळून एक, बॅगेवरच्या पट्टीचा नंबर, बोर्डिंग पास. बॅगेच्या खरेदीची पावती असेल तर तीही. विमानतळावर न नोंदवल्याबद्दल विचारतील, तेव्हा वृद्ध आई सोबत होती हे सरळ लिहा. ती पट्टी अजून फाडली नसेल तर फाडू नका.

---

केतकी_बन | ३० मे, सकाळी ७:०५

पट्टी आहे अजून हँडलच्या तुकड्याला. फोटो काढतेय.